बारा फूट पाणी

तलावावर येणाऱ्या कोणालाच त्यांचं नाव माहीत नव्हतं. सगळे त्यांना खिडकीबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. एकवीस वर्षं त्या पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडत होत्या. खिडकी म्हणजे भिंतीत पाडलेलं हातभर भोक. आत एक लाकडी खुर्ची, एक कुरकुरणारा पंखा आणि शिक्क्याची डबी. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर वाकावं लागे, त्यामुळे बाई माणसांना हातांवरून ओळखत. आत जाताना कोरडे हात तिकीट घेऊन जात, तासाभराने पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं कपाटाच्या किल्ल्या परत करत.

या एकवीस वर्षांत खिडकीबाईंनी स्वतः त्या पाण्यात पायाचं बोटही बुडवलं नव्हतं. आत जाण्याच्या वाटेवर पाय धुवायचा एक उथळ हौद होता, त्याच्या अलीकडे त्यांची हद्द संपे.

त्यामागे कारण होतं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ, दादा, दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात बुडाला. चौदा वर्षांचा होता. भर दुपारची वेळ, पाच मुलं, आणि दादाच्या चपला हातात धरून काठावर उभी असलेली ही धाकटी बहीण. त्याचा पाय घसरला. एकदा डोकं वर आलं, दुसऱ्यांदा हात वर आला, तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. काठावरच्या एकालाही पोहता येत नव्हतं. मोठी माणसं धावत येईपर्यंत पाणी पुन्हा गुळगुळीत झालं होतं.

त्या दिवसापासून आईने पाण्याशी उभा दावा मांडला. समुद्रावर सहल नाही, नदीवर फिरायला जाणं नाही, बस पुलावरून जाताना खिडकीशी बसायचं नाही. घरातल्या पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड. पुढे बाईंचं लग्न झालं, वर्षं गेली, आई थकली आणि लेकीकडे राहायला आली, तर तो दगडही सामानात बांधून आणला. तलावावरची नोकरी लागली तेव्हा आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "खिडकीच्या पलीकडे पाऊल टाकणार नाहीस, असं वचन दे मला." बाईंनी दिलं. नवरा तेव्हा चष्म्याच्या दुकानात नुकताच कामाला लागला होता, मुलगी लहान होती, नोकरी हवीच होती. शिवाय पाण्याच्या नावाने त्यांना स्वतःलाही कापरं भरे. असं वचन पाळायला काही कष्ट पडत नाहीत.

बाईंना बावन्न वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी खिडकी बंद करायचा हुकूम आला. तिकिटं आता लोक फोनवर काढणार होते आणि दारात माणसाऐवजी यंत्र बसणार होतं. व्यवस्थापकसाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब पस्तिशीतले, अंगाने भरलेले. कॉलेजात असताना आपण पोहण्यात बक्षिसं मिळवल्याचं कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

"सुटलात बाई," ते म्हणाले. "मुख्य कार्यालयात नोंदी विभाग आहे, तिथे बदली. आठ वर्षं राहिलीत ना? निवांत बसून काढा."

दुसऱ्याच दिवशी बाई जागा बघून आल्या. तळघर होतं. छताला लागलेल्या लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे, आणि दिवसाही जळणारा एक दिवा. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने स्वतःची खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली.

"इथे काही त्रास नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली मला. कोणी येतच नाही."

"कोणीच?"

"गेल्या वर्षी एक जण आला होता. पण तो दार चुकला होता."

बाई परत येताना बसमध्ये बसल्याच नाहीत, रिकाम्या जागा असूनही दांडी धरून उभ्या राहिल्या. एकवीस वर्षं बसलोय, आणि आता बक्षीस म्हणून आणखी आठ वर्षं बसायचं. त्यांना राग आला. इतकी वर्षं आपल्याला राग येतो हेच त्या विसरून गेल्या होत्या.

त्या महिन्यात सूचनाफलकावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद चिकटवला होता. बायकांच्या वेळेसाठी तलावाच्या काठावर एक महिला मदतनीस हवी होती. पालिकेच्या कायम नोकरांना पहिला हक्क. परीक्षा पाच महिन्यांनी. न थांबता तलावाच्या दोन फेऱ्या, खोल पाण्यात दोन मिनिटं एका जागी तरंगणं, आणि बारा फुटांच्या तळाशी टाकलेलं रबरी कडं वर आणणं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बदली नाकारून अर्ज करणाऱ्याला दोनदा संधी मिळेल. दोन्ही वेळा नापास झाला तर नोकरी संपली.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि अर्जाचा कागद मागितला.

"कोणासाठी?" साहेबांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

साहेब हसले. वाईट हेतूने नाही. लहान मूल विमान चालवतो म्हणालं की माणसं हसतात तसं. "बाई, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"परीक्षा पाच महिन्यांनी आहे ना? मग पाच महिन्यांनी विचारा."

"आणि नापास झालात तर? हातची नोकरी घालवून बसाल. खालचं वाचलंत का?"

"मीच चिकटवलाय तो कागद," बाई म्हणाल्या. "द्या इकडे."

सही त्यांनी जरा जास्तच दाबून केली. कागद फाटता फाटता वाचला.

घरी नवऱ्याने जेवता जेवता ऐकलं आणि घास हातातच राहिला. तो शांत माणूस. दिवसभर भिंगं घासायची, घरी येऊन वर्तमानपत्र वाचायचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "अगं, आठ वर्षं आहेत फक्त," तो म्हणाला. "डोळे मिटून निघून जातील."

"तीच तर भीती आहे," बाई म्हणाल्या.

आईला त्यांनी सांगितलं नाही.

तलावावर काठाशी उभी राहणारी एक जीवरक्षक होती. तिशीतली, उन्हाने रापलेली, ओरडून ओरडून आवाज बसलेला, गळ्यात शिट्टी. तिला सगळे शिट्टीच म्हणत. दुपारी एक ते तीन तलाव सफाईसाठी बंद असे. तेवढ्या वेळात शिकवशील का, असं बाईंनी तिला विचारलं. शिट्टीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रडाल?"

"रडेन बहुतेक."

"चालेल. रडणं पाण्यात दिसत नाही. उद्या या."

पहिल्या दिवशी बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि लोखंडी कठडा दोन्ही हातांनी असा धरला की शिट्टीला एकेक बोट सोडवावं लागलं. अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख होता. तो विकत घेताना दुकानातल्या मुलीने "कोणासाठी? माप काय?" असं विचारलं होतं आणि बाईंनी स्वतःकडे बोट दाखवलं होतं. पाणी थंड होतं आणि सतत हलत होतं. त्यांना वाटत होतं, ते आपल्याकडेच येतंय. दहा मिनिटांत त्या बाहेर आल्या, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसल्या आणि दात वाजेपर्यंत थरथरल्या. तिथे कोणी नव्हतं. मोठ्याने म्हणाल्या, "मेलीस तरी उद्या यायचं." आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.

तीन आठवडे नुसतं तोंड पाण्यात घालून फुगे सोडण्यात गेले. पुढचे तीन पालथं तरंगायला. पाय जमिनीवरून उचलले की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि धडधड सुरू झाली की त्या दगडासारख्या खाली जात. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, घसा सोललेला. तलाव साफ करणारे दोघे जाळीचे बांबू हातात धरून गंमत बघत उभे राहत. पहाटेच्या तुकडीतल्या पेन्शनरांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिकीट घेताना एक जण म्हणाला, "काय खिडकीबाई, ऐकतोय ते खरं का? पाण्याची पातळी सांभाळा, आम्ही वाहून जायचो." त्याच्या मागचे दोन-चार हात हसण्याने हलले. बाई थोड्याशा जाडच होत्या. पूर्वी असं काही ऐकलं की त्या मान खाली घालून शिक्का मारत. त्या दिवशी त्या वाकल्या आणि भोकातून थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"काका, तुम्ही बारा वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गप्पा मारताय," त्या म्हणाल्या. "खोल बाजूला गेलेलं तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही. परीक्षेनंतर आपण दोघं जाऊ."

काका तिकीट घेऊन गुपचूप आत गेले. शिट्टीला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिचा उरलासुरला आवाजही गेला.

सातव्या आठवड्यात एका दुपारी बाई फळी धरून पाय मारत होत्या. शिट्टी बाजूने चालत होती, बोलत होती, आणि बोलता बोलता तिने फळी काढून घेतली. बाईंना ते चार-पाच हात मारून झाल्यावर कळलं. कळल्याबरोबर त्या बुडाल्या, पाय टेकले, उभ्या राहिल्या आणि शिट्टीला वाट्टेल ते बोलल्या. शिट्टीने सगळं ऐकून घेतलं. "झालं? पुन्हा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी बाई घरी चालत गेल्या. बस पकडायचं सुचलंच नाही.

आईपासून लपणार किती दिवस? म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक शाबूत. एका संध्याकाळी बाई तिला औषध द्यायला वाकल्या आणि आईने त्यांचे केस मुठीत धरले. ओलसर होते. औषधी, तिखट वास येत होता.

"पाण्यात गेलीस तू," आई म्हणाली.

बाईंनी नाकारलं नाही.

"मला वचन दिलं होतंस. एक लेकरू दिलं मी पाण्याला. दुसरं द्यायचं माझ्यात बळ नाही."

"आई, दादाला पाण्याने नेलं नाही. त्याला पोहता येत नव्हतं." हे त्रेचाळीस वर्षांत घरात कोणी बोललं नव्हतं. बाईंचा आवाज चढला, पण त्या थांबल्या नाहीत. "काठावर आम्ही पाच जण होतो. एकालाही येत नव्हतं. मी त्याच्या चपला धरून उभी होते गं. त्याचा हात वर आला तो मला दिसला. इथून त्या भिंतीएवढा लांब होता. त्यानंतर तू आम्हाला पोहायला शिकवायचं, तर पिंपावर दगड ठेवलास."

आईने केस सोडले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा दारात उभा होता. बाईंना वाटलं, आता हाही बोलेल. पण बाहेर जाऊन त्याने गॅलरीत वाळत घातलेला काळा पोशाख उलटा केला, म्हणजे दुसरी बाजूही वाळेल.

त्या दिवसापासून आईने लेकीशी बोलणं टाकलं. हवं-नको ते जावयामार्फत. बाईंना ते लागलं. रोज लागे. पण एक दुपार चुकवली नाही.

दोन फेऱ्या जमल्या. खोल पाण्यात सायकल मारल्यासारखे पाय हलवत उभं राहणंही जमलं. अडलं ते कड्याशी. बाईंना जाड भिंगांचा चष्मा होता. तो काढला की तळ म्हणजे नुसतं निळं धुकं. त्या अंदाजाने हात फिरवत आणि श्वास संपला की रिकाम्या हाताने वर येत. हे त्यांनी घरी सहज बोलून दाखवलं. चार दिवसांनी नवऱ्याने खिशातून पोहण्याचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुकान बंद झाल्यावर थांबून त्याने बाईंच्या नंबरची भिंगं घासून त्यात बसवली होती आणि कडांना रबर चिकटवलं होतं.

"गळला तर सांग," एवढंच म्हणाला. "आणि घाबरलीस तर वर ये. पण बघून तरी ये."

परीक्षेला मुख्य कार्यालयातून दोन परीक्षक आले. साहेब छत्रीखाली बसले होते. बाईंनी दोन फेऱ्या मारल्या, दोन मिनिटं तरंगल्या. मग कडं पाण्यात पडलं. त्या डोकं खाली करून निघाल्या. आठ फुटांवर कान असे दुखले की कोणीतरी आत खिळा ठोकतंय, आणि त्याच क्षणी खाणीतलं पाणी आठवलं. तोंड उघडलं गेलं. शिट्टीने उडी मारून त्यांना बाहेर काढलं. काठावर त्या गुडघ्यांवर बसून खोकत होत्या. साहेब जवळ आले.

"झालं ना समाधान?" ते हळू आवाजात म्हणाले. "बाई, तुम्ही बदली नाकारल्याचा कागद मी अजून वर पाठवलेला नाही. अर्ज मागे घ्या. कोणाला काही कळणार नाही."

माणूस खरंच मदत करत होता. त्यामुळे नाही म्हणणं आणखी अवघड होतं. बाईंनी तोंड पुसलं.

"दोनदा संधी आहे असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी एकदाच नापास झालेय."

पुढचा महिना शिट्टीने त्यांना दुसरं काहीच करू दिलं नाही. नाक दाबून कानातली हवा मोकळी करायची, खाली जायचं, वर यायचं. पाच फूट. सात. नऊ. कधी रागाने, कधी कंटाळून, कधी रडून. धैर्य वगैरे काही अंगात संचारलं नाही. रोज तीच भीती नव्याने यायची आणि बाई तिला काठावर उभी करून खाली जायच्या.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी कडं पडलं, तेव्हा बाईंनी ते बुडताना शेवटपर्यंत बघितलं. मग श्वास घेतला आणि गेल्या. आठ फुटांवर नाक दाबलं. कान मोकळे झाले. खाली सगळं शांत होतं. स्वतःच्या काळजाचे ठोके तेवढे ऐकू येत होते. नवऱ्याने घासलेल्या भिंगांतून तळ लख्ख दिसला. फिकट निळ्या फरश्या, दोन फरश्यांमधली काळपट रेघ, एक गंजलेली केसांची पिन, आणि पिनेपासून वीतभर अंतरावर कडं. त्रेचाळीस वर्षं ज्या तळाने झोपेत हाका मारल्या, तो हाच. फरश्या आणि पिन. बाईंनी कडं उचललं. श्वास शिल्लक होता, म्हणून पिनही उचलली. मग तळाला पाय लावून जोरात वर आल्या.

परीक्षकाने कडं घेतलं. "आणि हे काय?" त्याने पिनेकडे बघून विचारलं.

"तुमच्या तलावाची सफाई नीट होत नाही," बाई म्हणाल्या. शिट्टीने पाठ फिरवली, कारण परीक्षकांसमोर हसणं बरं दिसलं नसतं.

घरी पोचल्या तेव्हा नवऱ्याला त्यांचं तोंड बघूनच कळलं. त्याने आतल्या खोलीत जाऊन सांगितलं. मग आईने साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा लेकीला हाक मारली. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"खोल किती होतं?" आईने भिंतीकडे बघतच विचारलं.

"बारा फूट."

आईचे ओठ हलत होते. "केस पूस नीट," शेवटी ती म्हणाली. "पाणी ठिबकतंय." तिने लेकीचं कौतुक केलं नाही, माफही केलं नाही, आणि तलाव बघायला ती शेवटपर्यंत कधी आली नाही. पण पुन्हा बोलायला लागली, आणि आल्यागेल्याला सांगायला लागली की आमची ही पाण्यावर असते. आवाज असा की तक्रार आहे की अभिमान, ऐकणाऱ्याला समजू नये.

खिडकी विटांनी बुजवली त्या आठवड्यात बाई काठावरच्या नोकरीवर रुजू झाल्या. काम सोपं होतं: बायकांच्या वेळेत लक्ष ठेवणं, घसरड्या जागा पुसून घेणं, हाक आली तर धावणं. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की कितीतरी बायका मुलींना सोडायला येतात आणि दोन-दोन तास भिंतीला टेकून उभ्या राहतात. आत का येत नाही म्हटलं की ठरलेली उत्तरं. वय झालं. अंग सुटलंय. घरी आवडणार नाही. बाई सगळं ऐकून घेत आणि विचारत, "आणि खरं कारण?" मग एखादी हळूच म्हणे, भीती वाटते.

अशा चार जणी आधी जमल्या. दोन महिन्यांत अकरा झाल्या. एक शिंपीण होती, एक निवृत्त परिचारिका, एक आजी नातीच्या हट्टाखातर आलेली, आणि एक शेजारच्या बँकेतली अधिकारी, जी पहिल्या दिवशी पायरीवरच बसून राहिली. उथळ बाजूला कठड्याला ओळीने लटकलेल्या अकरा बायका बघून साहेब छत्रीखालून उठून आले.

"बाई, तुमची नेमणूक मदतनीस म्हणून आहे," ते म्हणाले. "शिकवणं तुमच्या कामात बसत नाही. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. एका हाताने त्यांनी शिंपिणीची हनुवटी पाण्यावर धरली होती. ती सोडता येत नव्हती. अकराच्या अकरा जणी त्यांच्याकडे बघत होत्या.

"बंद करायचं असेल तर तसं लेखी द्या साहेब," बाई म्हणाल्या. "कागदावर लिहा, की या बायकांनी पोहायला शिकू नये. खाली तुमची सही करा. मी स्वतः फलकावर चिकटवीन."

बूट ओले होतायत असं काहीतरी पुटपुटत साहेब छत्रीकडे परतले. बाईंनी शिंपिणीला पाय मारायला सांगितलं.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. वर्ग आठवड्यातून चार दिवस भरतो. लेखी अजून आलेलं नाही.